मार्क २ गोल्फ जीटीआय: मोठ्या डिस्कच्या आधी

फोक्सवॅगनच्या दुसऱ्या पिढीच्या (मार्क २) गोल्फ जीटीआयच्या पुढच्या चाकांवरील २३९ मिमीच्या ब्रेक डिस्क काढून त्याच कंपनीच्या कोराडो जी६० या गाडीच्या २८० मिमीच्या बसवाव्यात, या सूचनेला माझा विरोध नाही. मात्र त्यांचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) मूळ १४ इंची चाकांत मावत नाहीत, म्हणजे १५ इंची चाकांचा खर्चही आलाच. त्याआधी ब्रेक ऑइल वाहून नेणारे जुने रबरी होज (नळ्या) बदलावेत, कारण ते दाबाखाली फुगू लागले की पेडल मऊ लागते आणि खापर उगाच डिस्कवर फुटते. ब्रेक ऑइलही ताजे हवे: नव्या डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, पण हवेतील ओलावा मुरल्यावर मानकाची किमान अट १५५ अंशांचीच आहे. मागच्या कॅलिपरमधील हँडब्रेकची यंत्रणा गंजून अडकणे हे या गाडीचे जुनेच दुखणे. तेथे मार्क ४ (चौथ्या पिढीच्या) गोल्फचे ॲल्युमिनियमचे कॅलिपर बसवणे मला अधिक मोलाचे वाटते.