मार्गदर्शकासोबत क्राफ्ट बिअर बारची सफर करावी की आपले आपण फिरावे?

अर्धापेला (प्रश्न)

पुढील महिन्यात कामानिमित्त एका अनोळखी शहरात चार दिवस मुक्काम आहे, पत्नीही सोबत येणार आहे, आणि त्यांतील एक संध्याकाळ पूर्ण मोकळी आहे. तेथे मार्गदर्शकासोबत पायी फिरून क्राफ्ट बिअरचे (लहान, स्वतंत्र उत्पादकांच्या बिअरचे) चार बार दाखवणारी एक सफर असल्याचे समजले. साधारण तीन तास, दहा-बारा जणांचा गट आणि प्रत्येक बारमध्ये चवीपुरते तीन लहान पेले, असे तिचे स्वरूप आहे.

माझे ज्ञान तोकडे आहे. बिअर म्हणजे पिवळी, थंडगार आणि फेसाळ, एवढीच माझी व्याख्या. एकदा नाव वाचून मोठ्या उत्साहाने आयपीए (इंडिया पेल एल) ही बिअर मागवली होती. ती इतकी कडू लागली की निम्मी टेबलावर सोडून उठलो (या सदस्यनामाचा उगम तोच). अशा माणसाला या सफरीतून खरोखर काही मिळते का, की चार बार आपल्याच पायांनी पालथे घातले तरी तेच हाती लागते, हा माझा मुख्य प्रश्न. दुसरे असे की तीन तासांत बारा पेले हे प्रमाण ऐकायला बरेच वाटते. आणि पत्नी मद्य घेत नाही, तरी तिने सोबत येण्यात अर्थ आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माल्टमुशाफिर

मी अशा पाच-सहा सफरी केल्या आहेत. त्यांतील दोन उत्तम होत्या, एक पूर्ण वाया गेली आणि बाकीच्या आता आठवतही नाहीत. बारची वाट हल्ली कोणाचाही फोन दाखवतो. मार्गदर्शकाला आपण पैसे देतो ते पेल्यांचा क्रम लावण्याचे. कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) घातलेली आयपीए आधी घेतली की तिच्यामागून येणारी पिल्सनरसारखी नाजूक, फिकट बिअर पाण्यासारखी लागते आणि दोष मात्र त्या बिचाऱ्या पिल्सनरला दिला जातो. म्हणून जाणता मार्गदर्शक हलक्या बिअरपासून सुरुवात करून जड बिअरकडे, कमी कडू चवीकडून अधिक कडू चवीकडे जातो आणि दहा टक्क्यांच्या आसपास मद्यांश असलेली इम्पीरियल स्टाउट ही काळी, कडक बिअर शेवटच्या बारसाठी राखून ठेवतो. एकाच बारमध्ये हे साधणे सोपे आहे. परंतु चार बारच्या चार याद्या, त्या दिवशी कोणत्या टॅपला (बिअरच्या नळाला) कोणता केग (बिअरचे पिंप) जोडला आहे याची खबर आणि गटातील नवख्यांचा अंदाज, हे सगळे जुळवून क्रम लावायचा तर त्या माणसाचा तिथे रोजचा राबता असावा लागतो. तुमची आयपीए अर्धी राहिली ती बहुधा पहिलीच घेतल्यामुळे.

माझ्या पहिल्या चांगल्या सफरीत मार्गदर्शक बाईंनी गढूळ सोनेरी बिअरचा पेला हातात दिला आणि काहीही न सांगता आधी फक्त वास घ्यायला लावला. कोणी केळे म्हणाले, कोणी लवंग. मग त्यांनी सांगितले की या बिअरमध्ये दोन्हीही घातलेले नाही. दक्षिण जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमधले यीस्ट किण्वन होताना आयसोअमिल अ‍ॅसिटेट तयार करते आणि पिकल्या केळ्याच्या वासातील मुख्य घटकही तोच आहे; लवंगेची आठवण करून देणारे फोर-व्हिनाइल ग्वायाकॉल हेही त्याच यीस्टचे देणे. पाठोपाठ त्या १५१६ सालच्या बव्हेरियातील फर्मानावर आल्या. त्यात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी या तीनच वस्तूंना मुभा होती आणि यीस्टचे नावही नव्हते, कारण आंबवणारे ते नेमके काय आहे हेच तेव्हा कोणाला उमगलेले नव्हते. लुई पाश्चरचा बिअरविषयीचा अभ्यास १८७६ साली प्रसिद्ध झाला, आणि १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेन याने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. हे सगळे दहा मिनिटांत झाले आणि पेला तोपर्यंत हातातच होता. एल आणि लागर या बिअरच्या दोन मुख्य कुळांतील फरक रंगावरून ठरत नाही, एलचे यीस्ट उबेत झपाट्याने काम करते आणि लागरचे थंडाव्यात संथपणे, हेही मला तिथेच प्रथम नीट कळले. पुस्तकात ते मी दोनदा वाचून विसरलो होतो.

मार्गदर्शक कसा आहे हे जोखण्याची माझी एक खोडकर परीक्षा आहे. हिंदुस्थानच्या लांबलचक सागरी प्रवासात बिअर नासू नये म्हणून जादा हॉप्स घालून आयपीएचा शोध लावला गेला, ही कथा जवळजवळ प्रत्येक सफरीत ऐकायला मिळते. हॉप्समुळे बिअर नासवणाऱ्या जंतूंना अटकाव होतो आणि उष्ण प्रदेशात पाठवायच्या बिअरमध्ये ते अधिक घालण्याची रीत होती, इथपर्यंत ती खरी आहे. मात्र हा 'शोध' लावणारा कोणी एक नव्हता, आणि त्याच काळात पोर्टर ही काळी बिअरदेखील जहाजांतून हिंदुस्थानात जात होती व तिथले गोरे सैनिक ती पीत होते. "मग पोर्टर कशी टिकत होती?" असे हळूच विचारून पाहा. जो हसून कथेची दुरुस्ती करतो त्याच्यासोबत उरलेली संध्याकाळ चांगली जाते.

एकलकोंडा

वरील प्रतिसाद वाचताना मलाही केळ्याचा वास आला, तरी माझे मत वेगळे आहे. गटाची चाल ही सर्वांत संथ माणसाची चाल असते. एखादी बिअर आवडली म्हणून तिथेच आणखी थोडा वेळ रेंगाळायची सोय राहत नाही आणि एखादा बार आवडला नाही तरी सुटका नसते. त्यातून सफर चालवणाऱ्यांचे ठरावीक बारशी आधीच बोलणे झालेले असते. त्यात गैर काही नाही, परंतु गटापुढे येणारे पेले पुष्कळदा बारला जे खपवायचे आहे त्याचेच असतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी, कोणती बिअर द्यायची हे मार्गदर्शक ठरवतो की बार, एवढे अवश्य विचारावे. 'क्राफ्ट' या पाटीवरही फार विसंबू नये. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येनुसार वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन करणारी ब्रुअरीसुद्धा (बिअर बनवणारा कारखाना) लहान ठरते. अट एवढीच की तिची २५ टक्के वा अधिक मालकी क्राफ्ट नसलेल्या मद्यकंपनीकडे नसावी. म्हणजे हा शब्द आकारापेक्षा मालकीविषयीच अधिक सांगतो.

माझी पद्धत सोपी आहे. आडवारी, बार उघडल्या उघडल्या जावे, कारण त्या वेळी टॅपमागच्या माणसाला बोलायला सवड असते. मोठा ग्लास न मागवता सर्वांत लहान माप मागावे आणि कोणता केग नुकताच जोडला आहे ते विचारावे. हॉप्सचा सुगंध काही आठवड्यांतच ओसरू लागतो, त्यामुळे नामवंत परंतु शिळ्या आयपीएपेक्षा अनोळखी ताजी आयपीए केव्हाही चांगली. ग्लासकडेही नीट पाहावे. फेसाखाली, आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तो ग्लास नीट धुतलेला नाही. स्वच्छ ग्लासात बुडबुडे वर निघून जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाची जाळीदार कडी काचेवर मागे राहते. लागरला वितळलेल्या लोण्यासारखा वास आला तर ते डायअ‍ॅसिटिल असते: एक तर ब्रुअरीने किण्वन आवरते घेण्याची घाई केली, नाही तर बारने टॅपच्या नळ्या साफ केलेल्या नाहीत. एका प्रसिद्ध बारमध्ये लागोपाठ तीन वेगवेगळ्या बिअरना तोच वास आला, तेव्हा दोष कोणाचा हे सांगायला मार्गदर्शकाची गरज उरली नाही. गटासोबत असतो तर बहुधा कोणी काही बोललेच नसते. यजमानाच्या घरात त्याच्याच स्वयंपाकाला कोण नावे ठेवणार?

मोजपट्टी

प्रमाणाविषयी कोणीच बोललेले नाही, म्हणून थोडा हिशेब मांडतो. लहान पेला १२५ मिलिलिटरचा धरला तर चार बारमधील बारा पेल्यांची मिळून १,५०० मिलिलिटर बिअर होते. सरासरी मद्यांश ६ टक्के धरल्यास तीत ९० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. ब्रिटनमध्ये १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला एक युनिट म्हणतात आणि तेथील सरकारी सल्ला आठवड्याला १४ युनिटांपेक्षा अधिक न घेण्याचा आहे. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश आठवडा एकाच संध्याकाळी संपला. यकृत तासाला सुमारे एक युनिट निकाली काढते, तेव्हा सफर संपताना सहाएक युनिटे अंगात शिल्लक राहतील. यावरून वाहन चालवण्याचा प्रश्न मिटतो, आणि नियमित औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारणे भाग आहे.

फसगत होते ती पेल्याच्या आकारामुळे. १० टक्के मद्यांशाच्या बिअरचा पेला ५ टक्क्यांच्या पेल्याएवढाच दिसतो, पण त्यात अल्कोहोल दुप्पट असते, आणि क्रम योग्य असेल तर तो नेमका शेवटी, माणूस सैलावलेला असताना समोर येतो. वाइनचे परीक्षक घोट थुंकून टाकतात. बिअरमध्ये मात्र गिळल्यानंतर मागे उरणारा कडवटपणा आणि घशातून नाकात चढणारा वास हाही चवीचाच भाग मानतात, त्यामुळे ती पळवाट फारशी कामाची नाही. त्यापेक्षा दोन घोट घेऊन पेला तसाच ठेवून देणे बरे. आपले सदस्यनाम या बाबतीत शुभच म्हणायचे. पोटात काही असावे आणि दोन बारच्या मध्ये पाणी प्यावे, हे वेगळे सांगायला नको.

पत्नींनी अवश्य यावे. न पिणाऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था आहे का, एवढे आयोजकांना विचारून घ्यावे. मात्र मद्याचा थेंबही नको असा त्यांचा कटाक्ष असेल तर अल्कोहोल-फ्री म्हणून मिळणाऱ्या बिअरचे लेबल वाचून घ्यावे, कारण काही देशांत ०.५ टक्क्यापर्यंत मद्यांश असलेली बिअरही त्या नावाने विकता येते.

अर्धापेला

सर्वांचे आभार. कालच परत आलो, म्हणून हकिगत लिहितो. एकलकोंडा यांचा प्रश्न मी दोन आयोजकांना ईमेलने विचारला. पहिल्यांनी उत्तरादाखल पुन्हा एकदा माहितीपत्रकच पाठवले. दुसऱ्यांनी कोणत्या बारमध्ये काय देणार, कोणत्या क्रमाने देणार आणि ते का, हे चार ओळींत कळवले. त्यांची सफर तीन बारची आणि आठ जणांची होती. तीच घेतली.

गव्हाच्या बिअरचा पेला आमच्याही हाती आला. मला केळ्याविषयी आधीच ठाऊक असल्यामुळे मी गप्प राहिलो. लवंग मात्र सर्वांत आधी पत्नीने ओळखली, तीही एक थेंब न घेता. त्यानंतर मार्गदर्शक प्रत्येक नवा पेला आधी तिच्या नाकाखाली धरू लागला आणि गटातील दोघे-तिघे तिचे ऐकल्याशिवाय पहिला घोट घेईनात. पोर्टरचा प्रश्नही विचारला. गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले की ती कथा ते फक्त घाईतल्या गटांना सांगतात.

आयपीए या वेळी पाचव्या क्रमांकाला आली. तरीही अर्धीच राहिली, पण आता निदान ती का आवडत नाही हे मला सांगता येते: सुरुवातीचा संत्र्यासारखा वास फार सुखद होता, गिळल्यानंतरचा कडवटपणा नको होता. उलट जिची धास्ती घेतली होती ती काळी स्टाउट सर्वांत सौम्य निघाली. ती ४.२ टक्क्यांची होती आणि तिच्या आधीची फिकट सोनेरी बेल्जियन एल ८.५ टक्क्यांची, यावर माझा अजूनही नीट विश्वास बसलेला नाही.

एक शंका राहिली. ती स्टाउट ग्लासात ओतल्यावर बुडबुडे काचेलगत खाली जाताना दिसत होते. बुडबुडे खाली कसे जातील? मार्गदर्शक त्या वेळी बिल चुकते करत होते, त्यामुळे विचारायचे राहून गेले.

माल्टमुशाफिर

डोळ्यांनी आपल्याला फसवले नाही, काचेलगतचे बुडबुडे खरोखरच खाली जात होते. अशा स्टाउटमध्ये नुसता कार्बन डायऑक्साइड नसून नायट्रोजनचे प्रमाण बरेच अधिक असलेले मिश्रण वापरतात. गिनेसने नायट्रोजनयुक्त ड्राफ्ट स्टाउट १९५९ साली बाजारात आणली. नायट्रोजन द्रवात फार कमी विरघळतो, त्याचे बुडबुडे अतिशय बारीक होतात, आणि जिभेला लागणारी सायीसारखी मऊ चव त्यातूनच येते. ग्लास वर रुंद आणि खाली निमुळता असल्यामुळे वर चढणाऱ्या बुडबुड्यांची गर्दी मध्यभागी होते व काचेजवळ ती विरळ राहते. मधला प्रवाह बिअरला वर ओढून नेतो, वर गेलेली बिअर कडेने खाली परतते आणि काचेजवळचे बारीक बुडबुडे तिच्यासोबत खेचले जातात. त्यांचाही कल वर जाण्याकडेच असतो, पण प्रवाहापुढे त्यांचे काही चालत नाही. बिअर काळी असल्याने मधले चढणारे बुडबुडे दिसत नाहीत आणि आपल्याला फक्त कडेचे उतरणारे दिसतात. पुढच्या वेळी ग्लास ओतल्यावर दोन मिनिटे हात न लावता नुसता पाहत बसा. पत्नींनाही ते दृश्य आवडेल.