व्हीएममध्ये पिंग मधेच उडी मारतोय, मदत हवी आहे

मंडळी, शिरोली एमआयडीसीत आमच्या फाउंड्रीचा एक सर्व्हर आहे, ८ कोअर, त्यावर केव्हीएम (लिनक्समधलं व्हर्च्युअलायझेशन) आणि ५ व्हीएम (व्हर्च्युअल मशीन). त्यातल्या बिलिंगच्या लिनक्स व्हीएमला पिंग मारला (उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायला) की ०.४, ०.४, ०.५ असं छान चालतंय आणि मधेच एकदम १८० मिलिसेकंद, परत ०.४. पॅकेट एकपण ड्रॉप नाही. त्याच वेळी त्याच पीसीवरनं होस्टला (म्हणजे मूळ सर्व्हरला) पिंग मारला तर कायम ०.३, म्हणजे केबल-स्विचवर संशय नको (तरी केबल बदलली, साहेबांच्या समाधानासाठी).

व्हीएमचं नेटवर्क कार्ड ई१००० (खऱ्या इंटेल कार्डाची नक्कल) होतं ते व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेलं) केलं, स्पीड वाढला पण उड्या तशाच. टीएसओ, जीआरओ (पॅकेट तोडण्या-जोडण्याच्या नेटवर्क सेटिंग) बंद करून बघितलं, काय फरक नाही. व्हीहोस्ट-नेट (व्हीएमची पॅकेट होस्टच्या कर्नलमधनं हलवणारं मॉड्यूल) लोड आहे, रॅम मोकळी, स्वॅप शून्य.

एकच गोष्ट खटकतीय, पाच व्हीएमना मिळून २२ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू) दिलेत (माझ्या आधीच्यानं, मी नाही) आणि बिलिंग व्हीएमच्या टॉप कमांडमध्ये एसटी (स्टील, म्हणजे होस्टकडनं सीपीयू मिळायची वाट बघण्यात गेलेला वेळ, टक्क्यात) एरवी ० असतंय ते उडीच्या वेळी १५ च्या वर जातंय. दुपारी ४ नंतर डिस्पॅचची बिलं सुरू झाली की तर विचारू नका.

नवीन हार्डवेअर मिळणार नाही आणि सर्व्हर बंद करायला फक्त सोमवारची सुट्टी.

तर आधी व्हीसीपीयू कमी करू का बिलिंगला २ कोअर पिन करून देऊ (म्हणजे ती व्हीएम त्याच दोन कोअरवर चालेल असं बांधून)? आणि पिन केलं तर व्हीहोस्टचा थ्रेड त्याच कोअरवर ठेवायचा का वेगळ्या?