पोलिसांचे श्वान आणि कायद्यातली किंमत
काही जण म्हणतात की इंग्लंडसारखा 'फिनचा कायदा' (फिन या पोलीस श्वानाच्या नावाने ओळखला जाणारा, अशा प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा) आपल्याकडे हवा, इथे पोलिसांच्या श्वानाला काहीच संरक्षण नाही. मागणी अगदी रास्त आहे, पण 'काहीच नाही' हे बरोबर नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२९ मध्ये हत्ती, उंट, घोडा, गाय-बैल अशी नावं होती. त्यांना ठार मारलं किंवा जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. २०१६ मध्ये मोर्चात पाय मोडलेला देहरादूनचा पोलिसांचा घोडा शक्तिमान त्यात बसत होता. कुत्र्याचं नाव मात्र त्या यादीत नव्हतंच! त्याची किंमत निदान पन्नास रुपये असल्याचं दाखवावं लागे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ ने यादी आणि किंमत दोन्ही काढून टाकली. आता कुठल्याही प्राण्यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

खरी उणीव वेगळीच आहे. हा गुन्हा अजूनही मालमत्तेच्या नुकसानीतच मोजला जातो. फिनला २०१६ मध्ये भोसकलं तेव्हा तिथेही मालमत्तेच्या नुकसानीचंच कलम लागलं होतं. २०१९ च्या 'फिनच्या कायद्याने' हल्लेखोराची 'स्वसंरक्षणासाठी केलं' ही पळवाट बंद केली. आपण मागायचं तर नेमकं हे मागायला हवं. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दहा ते पन्नास रुपयांचा दंडही बदलून घ्यायला हवा, तो वाचूनच संताप होतो.