मूसला काटक्यांमधून ऊर्जा कशी मिळते?

रानवाट, नागपूर:
नमस्कार. पेंचमध्ये सांबरे पाहत आल्यामुळे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठ्या प्राण्याविषयी, म्हणजे मूसविषयी, मला फार कुतूहल आहे. अलास्का आणि कॅनडातील हिवाळ्यात तो पाने झडलेल्या विलो व बर्चच्या काटक्यांवर जगतो. एवढ्या अवाढव्य देहाला त्या लाकडातून काय मिळत असेल?

गोठा_आणि_रान:
काटक्यांमध्ये सेल्युलोज भरपूर असते. ते ग्लुकोजच्याच रेणूंचे बनलेले असले, तरी ते फोडणारे विकर (एन्झाइम) मूसचे शरीर तयार करू शकत नाही. ते काम कोटीपोटातील, म्हणजे पोटाच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यातील, जिवाणू, आदिजीव आणि बुरशी करतात. प्राणवायूविना चालणाऱ्या या किण्वनातून (आंबण्याच्या क्रियेतून) ॲसिटिक, प्रोपिओनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात, ती कोटीपोटाच्या अस्तरातूनच रक्तात शिरतात आणि मूसच्या ऊर्जेचा मोठा भाग त्यांतूनच येतो. मेंदूला लागणारे ग्लुकोजसुद्धा यकृत मुख्यतः प्रोपिओनिक आम्लापासून घडवते. पुढे खऱ्या जठरात हे सूक्ष्मजीव स्वतःच पचतात आणि प्रथिनांची गरज भागवतात. आपल्या गायी-म्हशींचेही असेच असते.

रानवाट:
मनापासून आभार. मग काटक्या मुबलक असूनही हिवाळ्यात मूसचे वजन का घटते?

गोठा_आणि_रान:
लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनमुळे. कोटीपोटात ते जवळजवळ फुटत नाही आणि सेल्युलोजला वेढून असल्याने सूक्ष्मजीवांनाही तिथवर पोहोचू देत नाही. रवंथ करून तुकडे पुरेसे बारीक होईपर्यंत ते पुढे सरकत नाहीत, त्यामुळे पोट भरलेले असतानाही ऊर्जा अपुरी पडते. अशा वेळी मूस हालचाल कमी करतो आणि उन्हाळ्यात कोवळी पाने व पाणवनस्पती खाऊन साठवलेली चरबी खर्च करतो.

हिरवा_चारा:
यात एक भर घालावीशी वाटते, कारण ती प्राण्याच्या जिवाशी निगडित आहे. कोटीपोटातील सूक्ष्मजीव काटक्यांना सरावलेले असतात आणि नव्या आहाराशी जुळवून घ्यायला त्यांना बरेच दिवस लागतात. कुणी दयेपोटी मूसपुढे अचानक धान्य टाकले, तर त्यातील स्टार्च झपाट्याने आंबतो, कोटीपोटातील आम्लता वाढते आणि प्राणी दगावू शकतो. लग्नकार्यातील उरलेला भात आणि पोळ्या भरपूर खाऊन आपल्याकडे गायी दगावतात, त्यामागचे कारणही हेच आहे.