टर्नटेबल ऑक्सला जोडला, आवाज बारीक आणि घूंऽऽ: मोठा अँप घ्यावा का?

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर)
पहिलाच टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आहे. बेल्ट ड्राइव्ह, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग). मागे लाल-पांढऱ्या आरसीए पिना आणि एक सुटी बारीक वायर. फोनो/लाइन असा स्विच कुठेच नाही. अँप जुना, 40 वॅटचा, त्याला ऑक्स आणि टेप ही इनपुट आहेत, फोनो म्हणजे टर्नटेबलचं इनपुट नाही. स्पीकर 8 ओहमचे. ऑक्सला जोडून आवाज पाऊण फिरवला तरी बारीकच येतो, बास नाही, गाण्यातला 'स' टोचतो. वर सतत घूंऽऽ. भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत.

उत्तर १
अँप बदलू नका, तो ठीक आहे. मधला फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारी डबी) नाही, एवढीच अडचण आहे.

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून 3 ते 5 मिलीव्होल्ट निघतात. ऑक्सला निदान दोन-तीनशे मिलीव्होल्ट हवेत. पण प्रश्न नुसत्या आवाजाचा नाही. रेकॉर्ड कापतानाच बास दाबतात आणि वरचे सूर चढवतात, नाहीतर बासच्या मोठ्या हेलकाव्यांनी खाच शेजारच्या खाचेत शिरेल. हे प्रमाण 1954 पासून आरआयएए नावाने ठरलेलं आहे. फोनो प्रीअँप ते उलटं फिरवतो: 20 हर्ट्झला साधारण 19 डेसिबल वर, 20 किलोहर्ट्झला जवळपास तेवढंच खाली. तुमचा 'स' टोचतो तो यामुळेच. कितीही मोठा अँप आणला तरी टोचणारच.

आधी अँप बंद करा. टर्नटेबलच्या पिना प्रीअँपच्या इनपुटला, प्रीअँपचं आउटपुट ऑक्सला. सुटी वायर प्रीअँपच्या जीएनडी (अर्थ) स्क्रूखाली घट्ट आवळा. प्रीअँपवर एमएम/एमसी (मूव्हिंग मॅग्नेट/मूव्हिंग कॉइल) स्विच असेल तर एमएमवरच हवा: इनपुटचा रोध 47 किलोओहम, वाढ सुमारे 40 डेसिबल, म्हणजे शंभरपट. 4 मिलीव्होल्टचे 0.4 व्होल्ट होतात. एमसीवर ठेवलात तर आवाज फाटेल. टर्नटेबल ते प्रीअँप केबल दीड मीटरच्या आत ठेवा, लांब केबलच्या कपॅसिटन्सने वरच्या सुरांचा तोल बिघडतो. प्रीअँप ते अँप लांब चालेल.

उत्तर २
घूंऽऽ बद्दल. सुई वर उचललेली ठेवून आवाज वाढवा. तरीही येतंय? मग ते विजेचं, 50 हर्ट्झचं. सुटी वायर लोंबकळत असेल तर बहुतेक तीच. प्रीअँपचा अडॅप्टर आणि अँपचा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजपासून लांब सरकवा आणि सगळे प्लग एकाच बोर्डाला लावा. आवाज थांबतो म्हणून प्लगची तिसरी पिन काढायची नाही, त्यात जिवाला धोका आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालायला सांगा.

सुई रेकॉर्डवर टेकल्यावरच येत असेल तर तो यंत्रमागाचा धक्का. टेबल जमिनीवर उभं असेल तर काही उपयोग नाही, धक्का जमिनीतूनच येतो. मागाच्या भिंतीला सोडून समोरच्या भिंतीत ब्रॅकेट ठोका आणि फळीवर टर्नटेबल ठेवा. स्पीकर त्याच फळीवर नकोत, नाहीतर आवाज वाढवताच हुंकार उठतो. मागाची सुताची लव सुईच्या टोकावर गोळा होते, प्रत्येक रेकॉर्डआधी मऊ ब्रशने मागून पुढे काढा.

प्रश्नकर्ता
प्रीअँप लावला. बास आला, घूंऽऽ गेलं! पण उजवा स्पीकर गप्प आहे.

उत्तर १
आवाज शून्यावर आणून प्रीअँपच्या इनपुटच्या लाल-पांढऱ्या पिना आपसात बदला. गप्पपणा डावीकडे सरकला तर दोष टर्नटेबलकडे, उजवीकडेच राहिला तर प्रीअँप किंवा पुढे. टर्नटेबलकडे निघाला तर हेडशेलमध्ये (कार्ट्रिज बसतं ते कवच) कार्ट्रिजमागे चार बारीक वायरी दिसतील: पांढरी-निळी डावी, लाल-हिरवी उजवी. लाल किंवा हिरवीचा टॅग (वायरीच्या टोकाची पत्र्याची टोपी) बहुतेक सैल असेल. सुईवर कव्हर लावून चिमट्याने हळू दाबून बसवा. तिथे सोल्डर अजिबात नको, उष्णतेने आतली कॉइल तुटते.