घरची जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना: तुमचे अनुभव लिहा

चालून झिजलेल्या गाडीपेक्षा नुसती उभी राहिलेली गाडी जास्त खराब होते. कार्बोरेटरमधलं पेट्रोल आटून चिकट थर धरतो, ब्रेकचे लायनर ड्रमला धरून बसतात, टायर एकाच जागी चेपतात, रबरं कडक होतात आणि उंदरांना आयतं घर मिळतं. बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली अशी एखादी गाडी असतेच. आईवडिलांची नाहीतर आजोबांची. ती विकवत नाही आणि चालवलीही जात नाही.

अशी गाडी ज्यांनी घरच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये स्वतःच्या हातांनी सुधारली, त्यांच्यासाठी हा धागा आहे. आधी काय केलं, नंतर काय, कुठलं काम घरी जमलं आणि कुठलं गॅरेजवाल्याकडेच द्यायला हवं, हे सगळं तपशिलात लिहा. 'चकाचक झाली' एवढ्याने दुसऱ्याचं भागत नाही. कुठल्या नंबरचा पॉलिश पेपर वापरलात तेही सांगा. सुरुवात मी करतो.

पुणे

वडिलांची १९९६ ची मारुती ८००, पांढरी, कार्बोरेटरवाली. ते गेल्यावर ती प्लॅस्टिकच्या कव्हराखालीच राहिली. अशा कव्हरातून हवा खेळत नाही, आतला दमट वाफारा पत्र्यावरच बसतो.

माझं ठाम मत आहे की पॉलिश सगळ्यात शेवटी. आधी गाडीत पाणी कुठून शिरतंय ते शोधायचं. मी सीटा काढल्या. बोल्टांना आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० (गंजलेले बोल्ट सैल करणारा स्प्रे) मारून ठेवलं होतं, त्यामुळे पाना नीट बसला. सीटा निघाल्यावर कार्पेट उचललं. कार्पेट वरून कोरडं होतं, पण त्याखालचा नमदा पिळता येईल इतका ओला. तो नमदा वर्षभर पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा हळूहळू खातो.

गळती शोधायला दोन माणसं लागतात. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने संथ पाणी सोडायचं. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं. आधीच टपावर ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. आमच्या गाडीत पाणी येत होतं ते पुढच्या काचेखाली, वायपरजवळच्या जाळीतून. तिथे गुलमोहराची बारीक पानं कुजून निचऱ्याची भोकं बंद झाली होती. पानं काढली, तार फिरवली, पाणी बाहेरच्या बाहेर जायला लागलं. दरवाज्यांच्या खालच्या कडेलाही अशी भोकं असतात. ती बुजली की दरवाजा आतून सडतो.

मग पत्रा. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढला आणि स्क्रूड्रायव्हरने ठिकठिकाणी टोचून पाहिलं. जिथे टोक आत गेलं तिथे पत्रा संपलेला. ड्रायव्हरच्या पायाखाली तसं झालं होतं, म्हणून ते काम टिंकरिंगवाल्याकडे, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याकडे दिलं. त्याने कुजलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड केला. भोकावर नुसती लांबी (पुट्टी) भरून देणारेही भेटतात, त्यांना नाही म्हणा. आधी कापणं, मग वेल्डिंग. लांबी फक्त वरचा भाग सपाट करायला. बाकीच्या जागी फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजरोधक, ते पूर्ण वाळल्यावर रेड ऑक्साइडचा प्रायमर, त्यावर रंग.

इंजिन सुरू करायची घाई केली नाही. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानेच फिरवलं. ते मोकळं फिरतंय हे कळल्यावरच नवी बॅटरी जोडली. जुनं पेट्रोल काढून टाकलं. ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल नवं. टायरची नक्षी शाबूत होती, पण बाजूवरच्या चार आकडी खुणेत पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ते वाचून चारही टायर बदलले. कार्बोरेटर आणि ब्रेक मिस्त्रीकडून करून घेतले. ब्रेकच्या बाबतीत शिकत शिकत काम करू नये. लहानसहान सामान नाना पेठेत मिळालं.

रंगाचं शेवटी. त्या काळच्या साध्या पांढऱ्या रंगावर बहुतेक वेळा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसतो. ओळखायचं कसं? कोपऱ्यात थोडं पॉलिश फडक्याने घासा. फडक्यावर पांढरं उतरलं तर वरचा थर रंगाचाच आहे. आमच्या गाडीला शाम्पू, मग क्ले (रंगात रुतलेली घाण ओढून घेणारा मऊ गोळा), मग रबिंग कंपाउंड (जाडसर, घासणारं पॉलिश), मग बारीक पॉलिश आणि शेवटी वॅक्स, या क्रमाने हातानेच केलं. क्लेची गरज आहे की नाही ते कळायला पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला न जाणवणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. बॉनेटवर वडिलांच्या वेळची जी खडूसारखी भुकटी बोटाला लागायची, ती गेली. खालून तोच कंपनीचा मूळ रंग निघाला. नवा रंग मारला असता तर तो कायमचा गेला असता, म्हणून मला त्याचं फार समाधान आहे.

चिपळूण

वरच्या लिखाणातलं कार्पेटचं सगळं पटलं. आमची वॅगन आर २२ जुलै २०२१ च्या पुरात दारातच बुडाली. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर डॅशबोर्डच्या वरपर्यंत चिखलाची रेघ होती.

पुरातल्या गाडीचा पहिला नियम म्हणजे चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यातून झालेलं इंजिनचं नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही, त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं असावं लागतं. आम्ही आधी बॅटरी सोडवली, फोटो काढले, विमावाल्यांना कळवलं. ऑइलची कांडी काढली तर ऑइल दुधाळ. म्हणजे आत पाणी गेलंय. इंजिन आणि सगळी वायरिंग गॅरेजकडे, आतली सफाई घरी, अशी वाटणी केली.

चिखल ओला असतानाच धुवायचा. एकदा वाळला की सीटच्या फोममधून तो निघत नाही. सीटच्या खाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतील तर ते एअरबॅगचे. बॅटरी सोडवून थोडा वेळ गेल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, आणि ते ओले झाले असतील तर तो निर्णय जाणकारावरच सोडायचा. दरवाज्यांची आतली पॅनेलं काढली तेव्हा प्रत्येक दरवाज्याच्या तळाशी गाळाचा थर निघाला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून साध्या साबणाच्या पाण्याने धुतले. ब्लीच वापरलं तर पट्ट्याचे धागे कमजोर होतात. एक पट्टा धुऊनही अडकत परत जात होता, तो बदलला.

कोकणात जुलैअखेरीला ऊन कुठलं? सीटा पडवीत उभ्या करून त्यांच्यावर पंखे लावले आणि रात्री बाजूला हॅलोजनचा दिवा. नमदा फेकून नवा घातला. पुराच्या पाण्यात भिजलेला नमदा वाळवून परत वापरू नका, वास परत येतोच. गाडी आजही आहे. त्या पुरात घरातलं बरंच गेलं, पण ही गाडी आम्ही आमच्या हातांनी राखली.

नागपूर

आमच्याकडे पाण्याचा नव्हे, उन्हाचा त्रास. हेडलाइट पिवळे पडून रात्रीचं दिसेनासं होतं. ही काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, आणि त्यावरचा अतिनील किरण अडवणारा थर उन्हाने जातो. टूथपेस्टने चमक येते, पण थोड्याच दिवसांत परत पिवळं. बाजूच्या रंगाला मास्किंग टेप लावा आणि पाण्याचा पॉलिश पेपर घ्या: ८००, १०००, १५००, २०००, शेवटी ३०००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. त्यानंतर कंपाउंड, आणि मग अतिनील-रोधक क्लिअर कोट मारायचाच. तो नाही मारला तर सगळी मेहनत फुकट.

दुसरं, बोअरच्या पाण्याने गाडी धुतली तर लगेच पुसा. नाहीतर क्षाराचे पांढरे ठिपके बसतात. ताजे असतील तर पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने जातात. मे महिन्यात काम पहाटेच करा. तापलेल्या बॉनेटवर कंपाउंड लावताक्षणी वाळतं आणि पुसताना रेघा उठतात.

ठाणे

विचारायचं होतं: दहा-बारा वर्षांच्या मेटॅलिक रंगाच्या गाडीवरही रबिंग कंपाउंड चालेल का?

कोल्हापूर

चालेल, पण जपून. मेटॅलिकवर क्लिअर कोट असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. प्रत्येक वेळी घासताना त्यातला थोडा कायमचा जातो. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो पॉलिशने निघणार नाही, त्याच्या मागे लागू नका. कडांवर थर सगळ्यात पातळ असतो, तिथे टेप लावा.

आता माझा अनुभव. आईची सँट्रो. गुडघ्यांमुळे तिचं चालणं कमी झालं तशी गाडीही थांबली आणि उंदरांनी ताबा घेतला. ग्लोव्ह बॉक्समागे, ब्लोअरच्या तोंडाशी घरटं होतं. याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. उंदरांची घाण कोरडी झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. तिची धूळ श्वासातून जाते, आणि उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. हातमोजे आणि मास्क घाला, पाणी घातलेलं ब्लीच त्यावर मारा, मुरू द्या, मग ओल्या कागदाने उचला. ब्लोअर पूर्ण साफ होईपर्यंत एसी लावायचा नाही. कुरतडलेल्या वायरी नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळू नका, इलेक्ट्रिशियनकडून नीट जोडून घ्या.

टपाचं आतलं कापड लोंबत होतं, कारण त्याच्या मागचा फोम भुगा होतो. टाचण्या मारून ते थांबत नाही. मी आतले दिवे, हँडल आणि सनशेड काढून अख्खा साचा मागच्या दरवाज्याने बाहेर घेतला, जुना फोम ब्रशने पूर्ण खरवडला आणि फोम लावलेलं नवं कापड उष्णता सोसणाऱ्या गोंदाने मधून कडेकडे चिकटवलं. आई बाजूला खुर्चीवर बसून सुरकुती कुठे राहिली ते सांगत होती. पहिली फेरी तिला घेऊन नृसिंहवाडीला केली.

वेंगुर्ला

आजोबांची पद्मिनी. आमच्या घरात तिला फियाटच म्हणतात. १०८९ सीसी, गिअरची दांडी स्टिअरिंगला, पुढे सलग सीट. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाडीचा धंदा कधीच बंद झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सीही थांबली. त्यामुळे आता जे सुटं सामान आहे ते जपायचं. दरवाज्यांची रबरं मिळवायला मला कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत जावं लागलं.

गाडी फणसाखाली होती. टपावर फणसाचा चीक वाळून काळा झालेला. फणस कापताना आपण हाताला खोबरेल लावतो, तेच खोबरेल मी चिकावर लावून ठेवलं आणि मऊ फडक्याने पुसलं. रंगाला धक्का न लागता चीक निघाला. मग शाम्पूने तेलकटपणा काढला. क्रोमच्या बंपरवरचे गंजाचे ठिपके ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासले. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडे येत नाहीत. जिथे क्रोमच उडालंय तिथे मात्र हा उपाय नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, पेट्रोलचे पाइप. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्या काळचं रबर त्याला टिकत नाही, मऊ पडून पाझरतं. इथेनॉल चालणारे पाइप घालून घ्या. गाडी उभी राहणार असेल तर टाकीत तेच पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका.

डेट्रॉइटजवळून

इथे समुद्र नाही, पण हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाड्यांचा गंज कोकणासारखाच, कदाचित जास्त. दहा वर्षांची कॅमरी मी घरच्या गॅरेजमध्ये साफ केली तेव्हा ब्रेकचे लोखंडी पाइप हात लावताच सोलत होते. ते आधी बदलून घेतले. वेंगुर्ल्याच्या ताईंना आणि किनाऱ्यावरच्या सगळ्यांना एक विनंती: गंजावर थेट काळं रबरी अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला मारतात तो थर) मारून घेऊ नका. ओल आत कोंडते आणि वरून काहीच दिसत नाही. आधी गंज काढा. मी दर वर्षी लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचं) तेलकट कोटिंग मारतो, ते फटीत शिरतं.

ठाणे

उत्तराबद्दल आभार. कागदपत्रांचं कुणी सांगेल का? गाडीला पंधरा वर्षं होत आली आहेत.

पुणे

मीच सांगतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते आणि पुढची नोंदणी पाच वर्षांची मिळते. मोटारीला एप्रिल २०२२ मध्ये ही फी ५,००० रुपये झाली होती, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. विमा आणि पीयूसी चालू हवेत. हेडलाइट, इंडिकेटर, हँडब्रेक, हॉर्न, वायपर आदल्या दिवशी तपासा.

चेसिस नंबरकडे मात्र आत्तापासूनच लक्ष द्या. तपासणीच्या वेळी त्याचा पेन्सिलने ठसा घेतात. जुन्या गाडीत त्या जागेवर गंज आणि ग्रीसचा थर असतो. तिथे पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका, अक्षरं झिजली तर मोठा घोळ होतो. रंगही मारू नका. डिझेलमध्ये भिजवलेल्या जुन्या टूथब्रशने हलकं साफ करा, कोरडं पुसा आणि घरीच कागद ठेवून एकदा ठसा घेऊन बघा. सगळी अक्षरं उठली की वर पातळ ग्रीस लावून ठेवा, आणि आरटीओत जायच्या दिवशी ते पुसा.