रूपकात गिटार

बडोद्यातल्या मेटल बँडबद्दल, म्हणजे जड गिटारचा जोरदार रॉक वाजवणाऱ्या पोरांबद्दल, 'बडोद्यात मेटल कोण ऐकणार, आणि यांचं सगळं उसनंच ना?' असं कुणीतरी विचारलंय. माझा भाचा अशाच एका चौकडीत ड्रम वाजवतो, म्हणून लिहितो.

सुरुवात झाली दांडिया बाजारातल्या आमच्या माळ्यावर. पहिल्याच रविवारी खालच्या काकू वर आल्या. त्यांची दुपारची झोप मोडली होती, आणि त्यांचं काही चूक नव्हतं. तेव्हापासून ड्रमवर रबरी पॅड आले.

आदर्श म्हणाल तर टूल आणि सिस्टिम ऑफ अ डाउन हे अमेरिकी बँड. गिटारची सर्वांत जाड तार एक स्वर उतरवून 'डी'ला लावायची, म्हणजे एका बोटात जड कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) दाबता येते. हे उसनं, कबूल. पण टूलचे विषम ठेके यांना अवघड गेले नाहीत, कारण भाचा आधी तबला शिकलेला. सात मात्रांची रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ, ऐकून तो म्हणाला, "मामा, हा तर आपला रूपक!" तीन-दोन-दोन. फक्त रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली (टाळीविना हलकी जागा) असते, आणि हे लोक तिथेच सगळ्यांत जोरात हाणतात. मला तरी ती गंमत आवडली.

गायक मौलाबक्षांनी १८८६ साली जिथे संगीतशाळा काढली, त्या गावात याचं नवल कशाला?

स्वप्नं? आधी स्वतःची चार गाणी नीट रेकॉर्ड करायची. दिल्लीचा ब्लडीवूड हा मेटल बँड ढोल घेऊन २०१९मध्ये जर्मनीत वाकेनच्या मेटल महोत्सवात वाजवून आला, हे मात्र दर दोन दिवसांनी ऐकवतात. तूर्तास गायकाची बारावी आहे.